रांगेत बोलू नये

माळखेडीच्या डेअरीवर बावीस वर्षं सेक्रेटरी म्हणून काढलेला माणूस शांत स्वभावाचा असूच शकत नाही, आणि मच्छिंद्र भालेकर तर मुळातच शांत नव्हता. पहाटे पावणेसहाला शटर वर करतानाच त्याच्या कपाळावर आठ्या असायच्या. रात्री जेवताना उतरत असतील, असं गाव म्हणायचं. त्याची बायको मनकर्णा म्हणायची, छे हो, जेवतानाही नाही.

आता चिडायला कारण नव्हतं असंही नाही. पारनेर तालुक्यातलं हे गाव, पाऊस बेताचा, त्यामुळे घरटी दोन-तीन गायी आणि सगळी भिस्त दुधावर. शहाऐंशी घरं डेअरीला दूध घालायची. डेअरी सहाला उघडायची, दूध संघाचा टँकर आठला यायचा, संध्याकाळीही तसंच. म्हणजे चांगले दोन तास हाताशी. पण पहिल्या तासात येणार किती? पंधरा, फार तर वीस. बाकीचे सगळे साडेसातला एकदम, ठरवून आल्यासारखे. मग किटल्यांचा खणखणाट, माझं पोरगं शाळेत जायचंय, माझी भाकरी तव्यावर हाय, मला आधी घ्या. आणि दारात टँकरचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

हेही मच्छिंद्रनं सोसलं असतं. त्याला सोसवत नव्हती ती छबूबाई.

छबूबाई डेअरीवरची मदतनीस. पंचावन्नची, ठेंगणी, आणि आवाज असा की पलीकडच्या वस्तीवर ऐकू जावा. तिचं काम साधं. किटलीतलं दूध पळीनं ढवळायचं, वाटीभर नमुना फॅटच्या मशीनला लावायचा, मच्छिंद्रनं आकडा टिपला की किटली रिकामी करायची. अर्ध्या मिनिटाचं काम हो! पण छबूबाईनं ते कधी अर्ध्या मिनिटात केलं असेल तर शपथ. पळी किटलीत आणि तोंड गावभर. "काय गं, सासूचा गुडघा काय म्हनतोय? मामा आलं हुतं का जेजुरीवरनं? आन् तुमची ती बांडी गाय खाती का आता नीट?" समोरची बाईही मग पदर खोचून सांगायला लागायची. मागची रांग तिष्ठत उभी, पण तक्रार कुणाचीच नाही, कारण जो तो आपला नंबर येऊन आपल्याला कधी विचारलं जातंय याची वाट बघत असायचा.

"आक्का, दूध ढवळा, गाव नका ढवळू," मच्छिंद्र काउंटरमागून ओरडायचा.

"हात चालूच हायती की माझं," छबूबाई वळूनही न बघता म्हणायची.

अशा बाईपुढं माणसानं करायचं काय? बावीस वर्षांत त्यानं समजावलं, रागावलं, दोनदा अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष म्हणाले, अरे, ती हाय म्हणून बाया डेअरीला येत्यात. मच्छिंद्रनं कपाळावर हात मारून घेतला.

पण यंदा गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती, कारण डेअरीत कूलर आला होता. दोन हजार लिटरची ती चकचकीत टाकी संघानं माळखेडीला सहा महिन्यांच्या बोलीवर दिली होती. त्याआधी दूध कॅनमधून टेम्पोत घालून अकरा किलोमीटर न्यावं लागायचं, आणि चैत्र-वैशाखात निम्मं नासून परत यायचं. उन्हात राबून मिळवलेलं दूध बायका उकिरड्यावर ओतायच्या. म्हणून कूलरसाठी त्यानं तीन वर्षं संघाच्या ऑफिसचे उंबरे झिजवले होते. आणि आता शेजारचं वाघदरा गाव त्यावर टपून बसलं होतं. संघाचा सुपरवायझर हर्षल, सव्वीस वर्षांचं पोरगं पण बोलायला रोखठोक, त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "काका, टँकर उशिरा सुटला किंवा दूध परत आलं, तर कूलर वाघदऱ्याला. मग मला फोन करायचा नाही." टँकर तीनदा उशिरा सुटून झाला होता.

त्यातच संघानं नगरला एक दिवसाचं शिबिर घेतलं. सकाळी वेळेचं नियोजन आणि दुपारी सांघिक काम, असे दोन विषय. पुण्याहून आलेल्या टायवाल्या गृहस्थांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मच्छिंद्र पहिल्या रांगेत बसून वही भरत होता. कामाच्या जागी बोलण्यात गेलेला वेळ कुणालाच परत मिळत नाही, हे वाक्य त्यानं दोनदा अधोरेखित केलं. बावीस वर्षं तो हेच तर सांगत होता! सांघिक कामाचं भाषण जेवणानंतर होतं. जेवणात शिरापुरी होती. त्या भाषणाचं वहीत एक अक्षर नाही.

परत आल्या आल्या त्यानं पाटी रंगवून घेतली आणि काउंटरवर ठोकली. रांगेत बोलू नये. दूध घालून जागा सोडावी. खाली स्वतःची सही.

छबूबाईनं पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली. "म्हंजे मुकं व्हायचं का?"

"दोन तास, आक्का. मग दिवसभर बोला."

"दोन तासांनी कोन भेटतंय मला?" ती म्हणाली, पण गप्प झाली. पळी, वाटी, किटली. कुणी बोलायला तोंड उघडलं की मच्छिंद्र पेन उचलून पाटीकडं दाखवायचा.

आणि खरं सांगायचं तर पाटी चालली. आठ दिवस रांग चाळीस मिनिटांत संपली. टँकर आठच्या ठोक्याला हलला. हर्षलनं मोबाईलवर अंगठा पाठवला. मच्छिंद्र इतका खूश झाला की त्यानं तोच नियम घरीही लावला. जेवताना बोलायचं नाही, त्या वेळात तो संघाचे ऑनलाइन फॉर्म भरायचा. मनकर्णा काही सांगायला लागली की "हं" म्हणायचा. त्या "हं"मध्ये काय शिरलं आणि काय बाहेर राहिलं, देव जाणे.

नवव्या दिवशी, गुरुवारी, हर्षल स्वतः टँकरबरोबर आला. कूलरमधलं थोडं दूध काढून त्यानं त्यात तपासणीची पट्टी बुडवली आणि घड्याळ बघत उभा राहिला. मग दुसरी पट्टी बुडवली. मग म्हणाला, "काका, दूध जाणार नाही. औषध आहे यात."

गायीच्या कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून घट्ट झाली, की डॉक्टर इंजेक्शन देतात, सडात औषध सोडतात. ते औषध पुढं तीन-चार दिवस दुधात उतरतं. असं दूध डेअरीला घालायचं नसतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि कुणीतरी घातलं होतं. एक किटली पुरते. टाकीतलं सगळं चौदाशे लिटर दूध गेलं.

टाकीचा नळ सोडला. दूध मोरीतून ओढ्याकडं वाहायला लागलं. तीस-चाळीस माणसं रिकाम्या किटल्या घेऊन बघत उभी होती. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून घरी निघून गेली.

"संध्याकाळच्या टँकरपर्यंत मला नाव पाहिजे, लेखी," हर्षल म्हणाला. "दूध कुणाचं होतं, कसं आलं. त्या घराचं दूध पंधरा दिवस बंद. नाव दिलंत तर मी वर सांगू शकतो की इथं माणसांचं लक्ष आहे. नाहीतर उद्या क्रेन येईल, कूलर उचलेल. माझ्या हातात काही नाही."

मच्छिंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आग मस्तकात गेलेल्या माणसाला समोर कुणीतरी लागतं. समोर कारभारी आबा होते. सत्तरी ओलांडलेले, एकच गाय, तीन लिटर दूध. परवाच मच्छिंद्रनं गुरांच्या डॉक्टरची मोटारसायकल त्यांच्या दारात पाहिली होती.

"आबा! परवा डॉक्टर तुमच्याकडं आलं हुतं ना? म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

"मच्छिंद्रा, त्ये तर..."

"बोलू नका! लाज वाटायला पाहिजे तुमाला! एका गायीपायी सगळ्या गावाचं वाटोळं केलं!"

आबांचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं. त्यांनी किटली उचलली, टोपी सारखी केली आणि चालू लागले. मच्छिंद्रनं वहीचं पान फाडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"त्यांचं नाव लिवू नका," छबूबाई म्हणाली. "त्यांनी घातलेलं न्हाई."

"तुमाला काय म्हाईत?"

"म्हाईत न्हाई. अंदाज हाय. म्हाईत कुठनं असंल? आठ दिस तोंडाला कुलूप लावलंय तुमी माझ्या." आणि मग आठ दिवसांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. "तुमाला काय वाटलं, शेक्रेटरी, मी सासवांचं गुडघं इचारती ते डाक्टरीन हाय म्हनून? अवो, धार काढनारी एक, डाक्टर बोलावनारा दुसरा, आन् किटली घेऊन येनार तिसरं. येनाऱ्याला ठाऊकच नसतं घरात काय झालंय ते! चार शबूद इकडचं-तिकडचं बोललं की पाचव्याला येतं तोंडात, बांडी कालपास्नं लाथा मारतीया म्हनून. मग मी हळूच म्हनती, बाई, ही किटली माघारी ने, कास बघा तिची. कुनाची आब्रू जात न्हाई, दूध टाकीत जात न्हाई. बावीस वर्सांत किती किटल्या माघारी लावल्या, हाय का तुमच्या वहीत? तुमचं डोळं त्या मशीनच्या आकड्यावर!"

उत्तर न सुचल्याचा राग सगळ्यात वाईट, कारण तो काढायचा कुणावर?

"मग आता काय करायचं म्हणता?" तो फिस्कारला.

"काय करायचं? ज्ये डेअरीत इचारायचं त्ये आता दारोदार इचारायचं. चला."

आणि गाव फिरणं सुरू झालं. पहिल्या घरी मच्छिंद्रनं छबूबाईला मागं सारून सरळ मुद्द्याला हात घातला. "तुमच्या गायीला आठ दिवसांत इंजेक्शन दिलं का? खरं सांगा." घरमालक उंबऱ्यातच उभा राहिला. न्हाई बा, आमच्या गायींना कधी काय हुतच न्हाई. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरच्या बाईनं तर कडी लावून घेतली. चौथ्या घरापाशी छबूबाईनं त्याच्या शर्टाची बाही धरली. "तुमी आता गप बसायचं. रांगेत बोलू नये."

मग ती पुढं आणि हा मागं. अरे देवा, काय तो प्रकार! एका ओसरीवर बसलं की शेजारची चार-पाच घरं तिथंच गोळा व्हायची. प्रत्येक ओसरीवर चहा, पाकाइतका गोड. नको म्हटलं तर छबूबाईचे डोळे मोठे. मग पोरीचे बारावीचे मार्क, मग धाकट्याचं जमतंय का, मग कांद्याचं रोप, मग कुणाच्या तरी मावसबहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन. मच्छिंद्र घड्याळ बघायचा, पाय हलवायचा, दात-ओठ खायचा. अकरा वाजले, साडेबारा वाजले, बारावा चहा झाला. त्याला ओरडावंसं वाटायचं, अगं बाई, क्रेन येतीय उद्या!

पण नाव मिळालं नाही तरी माहिती यायला लागली होती. चहाच्या तळाशी पोचल्यावर, निघता निघता, कुणीतरी म्हणायचं, "आक्का, आमची काळी दोन दिस रवंथ करंना." डॉक्टर आला होता का, आला होता, मग दूध? दूध घरीच ठेवलंय गं, तेवढं कळतंय. अशी दोन घरं निघाली. दोघांनीही औषधाचं दूध मागं ठेवलं होतं. पहिल्या घरच्या ज्या माणसानं सकाळी उंबऱ्यातूनच वाटेला लावलं होतं, त्यानंही छबूबाईला बघून पुन्हा आत घेतलं आणि सांगितलं, इंजेक्शन दिलंय, पण कालवडीला, ती अजून व्यायलेलीच नाही. "मग मगाशी खोटं का बोललास?" मच्छिंद्रला राहवलं नाही. तो म्हणाला, "तुमी पोलिसासारखं इचारलं."

दुपारी तीनला ते कारभारी आबांच्या दारात आले. आबा मळ्याकडं गेले होते. त्यांची सून निकिता अंगणात लसूण सोलत होती. तिनं या-बसा म्हटलं नाही. मच्छिंद्रकडं न बघता ती छबूबाईला म्हणाली, "डॉक्टर आले होते ते गायीच्या कानाला बिल्ला मारायला, आक्का. सगळ्या गावातल्या गायींना मारून झालाय, आमचीच राहिली होती. बघायचाय का बिल्ला? गाय बांधलीय तिकडं." मग पुढं म्हणाली, "आबा सकाळपासून जेवले नाहीत."

मच्छिंद्र उभ्या उभ्या परत फिरला. बिल्ला बघायची त्याची हिंमत झाली नाही.

चार वाजले. सगळी घरं झाली होती. हर्षलला द्यायचा कागद खिशात कोराच होता. मच्छिंद्र पारावर मटकन बसला. "संपलं, आक्का. गेला कूलर. शहाऐंशी घरं झाली."

"पंच्याऐंशी," छबूबाई म्हणाली.

त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. ती काहीच बोलत नव्हती, आणि छबूबाई बोलत नाही म्हणजे काय, हे त्याला आता कळायला लागलं होतं.

"माझ्या घरी कशाला? मी सेक्रेटरी हाय!"

"म्हनूनच म्हनलं, शेवटाला जाऊ."

मनकर्णा गोठ्यात होती. तिच्या तीन गायींपैकी कडेची, तांबडी, मागचा पाय उचलून उभी होती. कास एका बाजूला अजून जराशी सुजलेली. मच्छिंद्रला विचारायची गरजच पडली नाही. तरी त्यानं विचारलं, "हिला काय झालंय?"

मनकर्णानं हातातली टोपली खाली ठेवली. "झालं का इचारून? सोमवारी दगडी झाली. डाक्टर आलं हुतं, औषध सोडून गेलं. सोमवारी राती तुमाला सांगितलं. तुमी जेवता जेवता मोबाईलमंदी बोटं मारत हुता. हं म्हनाला."

"मग दूध घातलंस कशाला? कळत न्हाई का?"

"कळतं!" ती असं ओरडली की तांबडी दचकली. "दोन दिस घातलं न्हाई. डाक्टर म्हनलं हुतं, तीन दिस झालं की डेअरीत इचारा आन् मग घाला. सकाळी किटली घेऊन तुमच्या म्होरं उभी ऱ्हायले. अवो, तांबडीचं आज घालू का, एवढंच इचारायचं हुतं. तोंड उघडलं तर तुमी पेन उचाललं. पाटी दावली मला. सगळ्या बायांच्या म्होरं, सोताच्या बायकूला पाटी! मला वाटलं, ह्यांना घरचं ठाऊक हाय, घाल म्हनत्यात. घातलं."

छबूबाई गोठ्याच्या दाराशी पाठ फिरवून उभी होती. तिनं एकदाही "बघा" म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान तिच्यावर ओरडता तरी आलं असतं.

संध्याकाळी टँकर आला. हर्षलनं कागद हातात घेतला, वाचला आणि एकदा मागं-पुढं बघितलं. "काका, हे काय? तुमचंच नाव?"

"माझ्या घरचं दूध. बायको इचारायला आली, मी बोलू दिलं न्हाई. समदं लिवलंय खाली."

"अहो पण सेक्रेटरीचं नाव वर कसं पाठवू? हसतील संघात." हर्षलनं आवाज खाली आणला. "सकाळी तुम्ही त्या म्हाताऱ्याचं म्हणत होता ना? त्याचं लिहा. एक गाय, तीन लिटर. पंधरा दिवस बंद राहिलं तर काय बिघडतंय त्याचं? आणि तसंही सगळ्यांना तोच वाटतोय."

सकाळचा मच्छिंद्र असता तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. पण दिवसभरात एकवीस चहा पोटात गेलेला माणूस होता तो. त्याचं डोकं असं फिरलं की हर्षल दोन पावलं मागं सरला. "सायबा, त्यांच्या गायीला बिल्ला मारलाय, बिल्ला! त्यांचं नाव तोंडातनं काढू नको. कूलर न्यायचा तर ने, पण कागद हाय तसा पाठव!"

हर्षलनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "पाठवतो. कारण आणि नाव दोन्ही आहे, तेव्हा कूलर आत्ता हलणार नाही. पण तुमच्या घरचं दूध पंधरा दिवस बंद, आणि पुन्हा असं झालं तर मी या गावात पाऊल ठेवणार नाही."

टँकर गेला, पण मच्छिंद्रला हायसं वाटलं नाही. संध्याकाळच्या यादीत त्याच्या घराशिवाय आणखी एका नावापुढं जागा कोरी होती. कारभारी आबांनी दूध घातलं नव्हतं. शटर ओढून तो तसाच त्यांच्याकडं गेला. आबा गोठ्यात गायीला पेंड चारत होते. धार काढलेली किटली बाजूला झाकून ठेवलेली.

"आबा, माझं चुकलं," मच्छिंद्र म्हणाला. "दूध माझ्याच घरचं निघालं. आत बसू, बोलू."

आबांनी मान वर केली नाही. "हितं कुनाला सांगतोस? गायीला?"

"तसं न्हाई, आबा..."

"जिथं बोललास तिथं ये. मी सकाळी येतो."

त्या रात्री मच्छिंद्रनं जेवताना मोबाईल बाजूला ठेवला. मनकर्णानं मुद्दामच तोंडातून शब्द काढला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला नेहमीसारखं सगळं गाव एकदम लोटलं. पाटी मच्छिंद्रनं पहाटेच उतरवली होती. पण आठ दिवसांची सवय आणि कालचा प्रकार, रांग मुकी होती. कारभारी आबा मधेच उभे होते, धुतलेला सदरा घालून. त्यांचा नंबर आला. त्यांनी किटली काउंटरवर ठेवली, पण झाकण उघडलं नाही. झाकणावर हात तसाच.

छबूबाईनं पळी पुढं केली नाही. तिनं मच्छिंद्रकडं बघितलं.

मच्छिंद्र खुर्चीवरून उठला. टँकर दारात येऊन लागला होता, ड्रायव्हरनं पहिला हॉर्न मारला होता. "आबा, गाय बरी हाय ना?" त्यानं विचारलं. बावीस वर्षांत त्यानं हा प्रश्न या काउंटरवर कुणालाच विचारला नव्हता.

"गाय बरी हाय," आबा म्हणाले. "मी न्हाई."

मागं कुणीतरी खोकलं. मच्छिंद्रनं काउंटरची कड धरली. "काल मी तुमाला बोललो ते खोटं हुतं. दूध माझ्या घरचं हुतं. तुमचा काय दोष नव्हता, आन् मी तुमाला बोलूसुदीक दिलं न्हाई. चुकलं माझं, आबा."

आबांनी मागं वळून रांगेवरून नजर फिरवली, अगदी दारातल्या शेवटच्या माणसापर्यंत. दुसरा हॉर्न वाजला. ते पुन्हा मच्छिंद्रकडं वळले.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "काल मागपर्यंत ऐकू गेलं हुतं."